वाचकांचे प्रश्न : ‘ची’ आणि चिनी युद्धकला

प्रश्न : मिरामारच्या किनाऱ्यावर पहाटे भरणाऱ्या ताईचीच्या, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेच्या, वर्गाला मी चार महिने जात आहे. बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने ही विद्या भारतातून चीनच्या शाओलिन मठात नेली आणि बेंबीखाली साठवलेली ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, प्रतिस्पर्ध्यावर फेकता येते, असे आमचे शिक्षक सांगतात. यात तथ्य किती?
— एक वाचक, ताळगाव

उत्तर : बोधिधर्माची कथा आपल्याला सुखावते, म्हणूनच ती जपून ऐकावी. तिचा मुख्य आधार असलेला ‘यीजिन जिंग’ हा कंडरा बळकट करण्याच्या व्यायामांचा ग्रंथ आपली प्रस्तावना सातव्या शतकातील एका सेनापतीच्या नावावर खपवतो. अभ्यासक मात्र तो १६२४ च्या सुमाराचा मानतात, आणि त्यावर छाप आहे ती ताओ या चीनमधल्या प्राचीन पंथाची.

श्वास व शरीर एकत्र वळवण्याची ताओ साधनेतील पद्धत याहून पुष्कळ जुनी आहे. चांगशाजवळील मावांगद्वेई येथे इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात रेशमावर रेखाटलेल्या ४४ आकृत्या सापडल्या, पण त्यांत वाकणारी, ताणणारी माणसे आहेत, लढणारी नाहीत. साधकाला हवे होते दीर्घायुष्य, ठोसा नव्हे. ही साधना आणि मुष्टियुद्ध यांची सांगड ग्रंथांतून ठळकपणे दिसू लागते ती सतराव्या शतकात. ह्वांग झोंगशी या चिनी विद्वानाने १६६९ मध्ये एका योद्ध्याच्या समाधिलेखात शाओलिनच्या ‘बाह्य’, म्हणजे अंगबळावरच्या, पद्धतीसमोर ‘आंतरिक’, म्हणजे आतल्या शक्तीवरची, पद्धत उभी केली आणि तिचे जनकत्व वूतांग पर्वतावरील चांग सानफेंग या ताओ सिद्धाला दिले. चीन जिंकणाऱ्या परक्या मांचूंच्या सत्तेखाली लिहिलेल्या या लेखात इतिहासापेक्षा स्वाभिमान अधिक असावा, असे मला वाटते.

राहिली ‘ची’ फेकण्याची गोष्ट. स्पर्श न करता माणूस फेकला जात नाही. गुडघे सैल, माकडहाड खाली सोडलेले आणि छातीशी कळशी कवटाळल्यासारखे हात, अशा स्थितीत दहा मिनिटे उभे राहा आणि सोबत्याला हळूच ढकलायला सांगा. खांदे आवळलेले असतील तर तोल जाईल. सैल असतील तर तो जोर कमरेतून टाचेखालच्या वाळूत उतरल्याचे तुम्हाला जाणवेल. बेंबीखाली तीन बोटांवर लक्ष ठेवायला सांगतात ते बहुधा एवढ्याचसाठी, कारण शरीराचा गुरुत्वमध्य त्याच भागात असतो. श्वास घेताना पोट आत ओढण्याचा उलटा प्रकार मात्र रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.