ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये गाडी भाड्याने न घेता ट्रेन-बसने दिवसभरात कुठे जाऊन येता येईल?

तुम्ही लिहिलंय: ऑगस्टच्या मध्यात 4 दिवस, मुक्काम शहरातच, सोबत साठी उलटलेले पण चालायची सवय असलेले आईवडील, सगळे शाकाहारी. गाडीवाचून तुमचं काही अडणार नाही. लोक अडकतात ते शेवटच्या रोपवेपाशी. म्हणून सहल ठरवताना खाली येणारी शेवटची फेरी आधी बघा आणि तिथून उलटा हिशोब करत या.

कुठल्या दिवशी कुठे जायचं हे घरून ठरवून जाऊ नका. ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस नेहमीचाच, त्यामुळे उंचीवरचं सगळं सकाळी उरका. दुसरी भानगड 'फ्योन' वाऱ्याची. हा ब्रेनर खिंडीकडून उतरणारा गरम वारा. शहरात छान ऊब, डोंगर हाताला लागतील इतके स्वच्छ, आणि वर रोपवे बंद! निघण्याआधी रोपवेच्या साइटवर चालू-बंद आणि वेबकॅम बघा.

एकच दिवस स्वच्छ मिळाला तर माझं मत त्सिर्बनवेगला. पाचरकोफेल आणि ग्लुंगेत्सर या दोन डोंगरांमधली ही पायवाट साधारण 7 किलोमीटर, 2000 मीटरच्या आसपास उंचीवर, फारसा चढउतार नसलेली. सावकाश अडीच-तीन तास धरा. दोन्ही टोकांना रोपवे आहे आणि दोन्ही रोपवेंचं मिळून एकत्र तिकीट मिळतं. बरेच जण पाचरकोफेलहून सुरुवात करतात. मी उलटं सुचवेन. ग्लुंगेत्सरच्या पायथ्याच्या टुल्फेस गावाला जाणाऱ्या बसच्या फेऱ्या कमी, तर पाचरकोफेलच्या पायथ्याहून शहरात येणाऱ्या 'जे' बसच्या भरपूर. कमी फेऱ्यांची बस सकाळी घ्या, म्हणजे परतीला घड्याळ बघत पळावं लागत नाही. टुल्फेसहून दोन टप्प्यांच्या रोपवेने वर जा, पायवाट चाला आणि पाचरकोफेलच्या रोपवेने खाली या. शेवटचा रोपवे संध्याकाळी पाचच्या आसपास असतो. तो चुकला तर हजार मीटरचा उतार पायी, आणि गुडघ्यांची वाट. वाटेवरची त्सिर्बे (पाइनचाच एक प्रकार) झाडं ओळखायची खूण सोपी आहे: सुयांचा एक झुबका तोडून मोजा, पाच सुया निघतात. तिथल्या साध्या पाइनच्या दोनच निघतात.

नॉर्डकेटे तर शहरातूनच सुरू होतं. काँग्रेस स्टेशनवरून झाहा हदीद यांनी आखलेली स्टेशनं असलेली हंगरबुर्गबान (2007), मग दोन रोपवे, आणि 574 मीटरवरून तुम्ही थेट 2256 मीटरवर हाफेलेकारला. अर्धा दिवस पुरे. इतक्या झटपट वर गेल्यावर पहिली दहा मिनिटं आईवडिलांना हळू चालू द्या.

तळं हवं असेल तर आखेनसे. रिजनल ट्रेनने येनबाखला उतरा. या स्टेशनात तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ शेजारी शेजारी दिसतात: मुख्य मार्गाचे 1435 मिलिमीटर, आखेनसेबानचे 1000 आणि त्सिलरटालबानचे 760, म्हणजे माथेरानच्या रुळांपेक्षा थोडेच रुंद. आखेनसेबान ही 1889 पासूनची वाफेची दातेरी गाडी. चढावर इंजिन मागून ढकलतं, कसारा घाटातल्या बँकरसारखं, आणि एबेन गावात ते पुढे येतं. गाडी तळ्याकाठी थेट बोटीच्या धक्क्याशी सोडते. तिचं तिकीट वेगळं आणि स्वस्त नाही, शिवाय ती फक्त उन्हाळी मोसमात धावते. पैसे वाचवायचे असतील तर येनबाखहून साधी बसही तळ्यावर जाते. एका बाजूने वाफेची गाडी, परतीला बस, हे मला जास्त पटतं.

ढगाळ दिवशी 1912 सालच्या मिटेनवाल्ड रेल्वेमार्गावरून जेफेल्ड गावाला जा. जाताना डाव्या खिडकीशी बसा. सगळी इन नदीची दरी त्याच बाजूला उलगडत जाते, मग मार्टिन्सवांड डोंगरातला बोगदा लागतो. पुढे मिटेनवाल्डपर्यंत गेलात तर तो जर्मनी. शेंगेन व्हिसा एकच असला तरी गाडीत तपासणी होते, पासपोर्ट जवळ हवाच. आणि तिकीट सरहद्दीपलीकडे चालतं का, तेही आधी बघा.

पाऊस पडून गेल्यावर श्टुबाई खोऱ्यातला 85 मीटर रुंद ग्रावा धबधबा भरात असतो. मुख्य स्टेशनवरून 590 नंबरची बस घ्या आणि परतताना फुल्पमेसला उतरून 1904 च्या श्टुबाईटालबान ट्रॅमने या. वाटेतल्या छोट्या स्टॉपवर चढउतार करायची असेल तर बटण दाबा, नाहीतर ट्रॅम सरळ पुढे जाते.

तिकिटांचं थोडक्यात. हॉटेल योजनेत असेल आणि किमान 2 रात्री मुक्काम असेल, तर 'वेलकम कार्ड' फुकट मिळतं आणि शहर-परिसरातला बस-ट्रॅमचा खर्च वाचतो. बुकिंगआधीच मेल करून विचारा, आणि कार्डाची हद्द कुठवर तेही. लांबच्या ट्रेनला 'आइनफाख राउस' तिकीट बघा: 2 ते 5 जणांना एकच, पण फक्त रिजनल गाड्यांत, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतरच. 8:52 च्या गाडीत ते दाखवलंत तर दंड. रेलजेट या जलद गाडीलाही चालत नाही.

वेळापत्रकात दोन खाचाखोचा आहेत. आपला 15 ऑगस्ट तिथेही सुट्टीचा, मेरीच्या सणाचा. बस रविवारच्या वेळापत्रकाने धावतात आणि दुकानं बंद. 'शूलटाग' लिहिलेली फेरी फक्त शाळेच्या दिवशी असते, म्हणजे ऑगस्टमध्ये नाहीच. 'एसईव्ही' दिसलं तर रुळांचं काम चालू आहे आणि ट्रेनऐवजी बस येणार; तिचा थांबा बरेचदा स्टेशनबाहेर असतो, दहा मिनिटं आधी पोचा.

डोंगरावरच्या हॉटेलात केझश्पेट्सले हा चीजचा पदार्थ बहुधा शाकाहारी असतो, तरी अंडं आणि वरचा कांदा यांबद्दल विचारा. कासप्रेसक्नोडेल सूपमधला गोळा चीज-पावाचा, पण पाणी बरेचदा गोमांसाच्या अर्काचं. 'ओने रिंडझुप्पे' (गोमांसाच्या सूपशिवाय) म्हणा, म्हणजे तो कोबीच्या सॅलडसोबत कोरडा मिळतो.