स्ट्रक्चर रिफाइनमेंट नेमकं कधी थांबवायचं? सॉफ्टवेअर स्वतः का सांगत नाही?

रिफाइनमेंट म्हणजे प्रथिनाच्या क्रिस्टलच्या एक्स-रे डेटाशी अणूंचं मॉडेल जुळवत नेणं. तुमचा डेटा २.१ अँगस्ट्रॉमचा (साधारण इतका बारीक तपशील दिसतो), आर-फ्री (बाजूला ठेवलेल्या डेटाशी मॉडेल किती चुकतंय तो आकडा, कमी तेवढा बरा) २४ टक्क्यांवर अडकलाय, दर रनला ०.१ टक्का खालीवर होतोय आणि प्रोग्रॅम काही "बास" म्हणत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तो म्हणणारही नाही हो, कारण बहुतेक वेळा तो फक्त आपण दिलेल्या सायकल (मॉडेल सुधारण्याच्या फेऱ्या) मोजत असतो, संपल्या की थांबला. दहाच्या जागी पन्नास दिल्या तरी मॉडेल आधीच स्थिरावलेलं असेल तर पुढच्या चाळीसमध्ये काही हलत नाही, नुसता कॉम्प्युटर तापतो. प्रोग्रॅम जवळच्या खड्ड्यात, म्हणजे आसपासच्या त्यातल्या त्यात बऱ्या उत्तरात, उतरून बसतो. एखादा पेप्टाइड (दोन अमिनो आम्लांमधला दुवा) उलटा बसला असेल तर तेवढी टेकडी चढून तो सहसा पलीकडे जात नाही, ते कूट या मॉडेल हाताने दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये मॅप (इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा) उघडून आपल्यालाच फिरवावं लागतं.

आता त्या ०.१ बद्दल. टेस्ट सेटमध्ये, म्हणजे त्या बाजूला ठेवलेल्या डेटात, हजारेक रिफ्लेक्शन (मोजलेले एक्स-रे ठिपके) असतील तर आर-फ्रीमध्ये अर्धा टक्का इकडेतिकडे नुसत्या योगायोगानेही होतो, त्यामुळे ०.१ ला काही अर्थ नाही. आणि प्लीज, वीस रन मारून सगळ्यात कमी आर-फ्रीवाला उचलू नका. क्रिस्टलोग्राफर ब्रुंगरने १९९२ मध्ये हा आकडा आणला तोच मुळी थोडा डेटा बाजूला ठेवून, ज्याचा फिटिंगशी संबंध नाही असा. तोच बघून रन निवडायला लागलात की तो तटस्थ राहिला कुठे?

मी स्वतः यात चांगले तीन आठवडे घालवलेत. रोज मॉडेलमध्ये पाण्याचे रेणू टाकायचो, आर-वर्क (फिटिंगला वापरलेल्या डेटावरचा तसाच आकडा) उतरायचा, आर-फ्री ढिम्म, आणि मला वाटायचं प्रगती चाललीय. मग सीनियरने अॅक्टिव्ह साइटजवळ बोट ठेवलं, तिथे मी तीन पाणी ओळीने बसवली होती, एकमेकांपासून दीड अँगस्ट्रॉमवर! दोन पाण्यांमध्ये हायड्रोजन बाँड म्हणजे २.८ च्या आसपास अंतर हवं, दीड म्हणजे सरळ कोव्हॅलंट बाँड झाला. ते ग्लिसरॉल होतं, क्रिस्टल गोठवताना मीच घातलेलं. कुठल्याही सायकलने ते सांगितलं नसतं.

तेव्हापासून मी आकडा नंतर बघतो, आधी डिफरन्स मॅपमधले (डेटा आणि मॉडेल यांतला फरक दाखवणारा नकाशा) सगळ्यात मोठे पीक एकेक करून उघडतो, हिरवे (मॉडेलमध्ये काही कमी आहे) आणि लाल (काही जास्त आहे) दोन्ही. प्रत्येकाचं काहीतरी उत्तर हवं, "काय आहे कळत नाही, मोकळं सोडलंय" हेही चालतं, उगाच काहीतरी कोंबण्यापेक्षा बरं. रामचंद्रन आउटलायरचंही (ज्या रेसिड्यूचे, म्हणजे साखळीतल्या अमिनो आम्लाचे, वळणाचे कोन नेहमीच्या मर्यादेबाहेर आहेत) तसंच. मॅप स्वच्छ असेल आणि रेसिड्यू खरंच तसाच वळलेला असेल तर त्याला जबरदस्तीने सरळ करू नका, शून्य आउटलायरच्या हट्टापायी लोक चांगली मॉडेल बिघडवतात. आर-वर्क आणि आर-फ्रीमधली दरी वाढायला लागली तर मात्र ओव्हरफिटिंग (डेटातल्या गोंगाटालाही मॉडेल जुळवणं) चालू आहे समजा आणि दोन पावलं मागे या.

लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये मी फक्त कडेची पाणी आणि टोकाच्या लायसिनचे साइड चेन हलवले असतील, आणि पेपरमधलं एकही वाक्य त्याने बदलणार नसेल, की मी मॉडेल सार्वजनिक डेटाबेसमध्ये डिपॉझिट करतो.

२.१ ला २४ टक्के वाईट नाही. आधी पहिले दहा पीक बघा, एखाद्याचं कोडं सुटलं नाही तर मॅपचा फोटो इथेच टाका, बघू काय आहे ते.