पॉलिसीचं नंतर बघू, आधी पावतीवर काय लिहिणार ते सांगा

मुळशीतले एक वाचक लिहितात : रस्त्यासाठी जमीन गेली. १८ दिवसांपूर्वी मोबदल्याचा निवाडा झाला, मी हजर होतो. पुढच्या आठवड्यात ९० लाख मिळतील. एजंट म्हणतो, वर्षाला ९ लाख अशी १० वर्षं विमा पॉलिसीत भरा, करही वाचेल. भरू का? दर कमी लावलाय, पण वकील म्हणतात पैसे घेऊन टाका, केस नंतर करू, दुप्पट मिळतील. त्या भरवशावर वाकडला फ्लॅट बुक केलाय.

भरू नका. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे या मोबदल्यावर प्राप्तिकरच नाही, मग एजंट वाचवणार काय? त्याचं कमिशन तेवढं वाचेल. विषय संपला.

घोळ पुढेच आहे. प्रांत कार्यालयात मुकाट्याने सही करून पैसे उचललेत, तर कलम ७७ नुसार वाढीव मोबदल्याचा हक्क तिथेच गेला. पावतीवर, जमलं तर प्रत्येक कागदावर, स्वतःच्या हाताने लिहा : 'रक्कम अपुरी असल्याने अंडर प्रोटेस्ट स्वीकारली.' म्हणजे पैसे घेतले, पण दर मान्य नाही. त्याची पोच घ्या. जादा २५ टक्क्यांच्या आमिषाने संमतीपत्र पुढे केलं तर सही करण्याआधी पूर्ण वाचा. संमतीने दर मान्य केला की भांडायला काही उरत नाही.

आणि 'नंतर' म्हणजे कधी? तुम्ही निवाड्याला हजर होतात, म्हणून वाढीव मोबदल्यासाठी कलम ६४ खालचा अर्ज निवाड्यापासून सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. ४२ पैकी १८ दिवस गेले, उरले २४. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण लागतं; 'वकील म्हणाले नंतर' हे कारण नव्हे.

दुप्पट कशाच्या जोरावर? भूसंपादनाच्या अधिसूचनेआधीच्या तीन वर्षांतली, तुमच्या आणि लगतच्या गावांतली खरेदीखतं काढा. दुय्यम निबंधकाकडून सूची २ च्या, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांच्या गोषवाऱ्याच्या, नकला मिळतात. त्यातल्या चढ्या दराच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी धरतात. नोंदलेलं साठेखत (विक्रीचा करार) चालतं, चहाच्या टपरीवरचा भाव चालत नाही. ९० लाखांत साधारण निम्मी दिलासा रक्कम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दल मूळ मोबदल्याइतकीच जादा मिळणारी) आहे, तीही दराबरोबर वाढते. दर २० टक्के वाढला, तर हाती येतील सुमारे १८ लाख आणि त्यावर व्याज, तेही निकाल लागल्यावर. वकील यात टक्केवारी मागत असतील तर बदला; बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.

७ टक्के व्याजाने ठेवले तर ९० लाखांचे वर्षाला सव्वासहा लाख होतात, महिन्याला बावन्न हजार. तेवढ्यात घर चालतं का, हा हिशेब करा. फ्लॅटचे पुढचे हप्ते याच ९० लाखांतून जाणार असं धरा. झेपत नसेल तर करार नोंदवायच्या आत बुकिंग सोडा.