लेजेंडरी एडिशनमधला शेवट मला बरा वाटला. मग २०१२ मध्ये ‘मास इफेक्ट ३’च्या शेवटावर चाहते एवढे का चिडले होते? त्यांना फक्त गोड शेवट हवा होता का?

आपण लिहिले आहे की ‘मास इफेक्ट’ या अंतराळयुद्धावरच्या व्हिडिओ गेम मालिकेची तिन्ही भाग एकत्र असलेली लेजेंडरी एडिशन आपण अलीकडेच पूर्ण केली, शेवट दुःखद असूनही पटला, आणि त्यामुळे त्या काळचे चाहते उगाच आकांडतांडव करत होते की काय अशी शंका आपल्याला आली. मी ही मालिका एकेक भाग बाहेर येईल तसा खेळलो आहे आणि शेवटावरून जो वाद पेटला त्यात मनापासून गुंतलेलो होतो. माझ्या मते गोड शेवट मागणारे होते, पण ते थोडे होते. बहुतेकांचा राग वेगळ्या कारणाने होता: ज्या अपेक्षा या मालिकेने स्वतःच पाच वर्षे खेळाडूच्या मनात रुजवल्या, त्या तिने अगदी शेवटी स्वतःच बाजूला सारल्या.

मुळात आपण पाहिलेला शेवट आणि आम्ही ६ मार्च २०१२ नंतर पाहिलेला शेवट यांत मोठा फरक आहे, आणि आजच्या नव्या खेळाडूंना तो सहसा सांगितलाच जात नाही. २०२१ साली आलेल्या लेजेंडरी एडिशनमध्ये ‘एक्स्टेंडेड कट’ आधीपासूनच मिसळलेला आहे. ही मोफत पुरवणी चाहत्यांच्या निषेधानंतर, २६ जून २०१२ रोजी आली. रीपरांचा (ठरावीक काळाने प्रगत जमातींचा संहार करणाऱ्या महाकाय यंत्रांचा) उगम आणि त्यांचा नियंता असलेल्या कॅटॅलिस्टचे मूळ उलगडणारे ‘लेव्हायथन’ त्यानंतर ऑगस्टमध्ये आले, आणि सर्व सहकाऱ्यांचा मनमुराद निरोप घेता येतो ते ‘सिटाडेल’ थेट मार्च २०१३ मध्ये. आपल्याला हे सगळे सलग, योग्य क्रमाने मिळाले. आमच्यासमोर आकाशातून एक मुलगा, म्हणजे मुलाच्या रूपातला हाच कॅटॅलिस्ट, अवतरला, त्याने चार वाक्यांत विश्वाचे कोडे सांगितले, तीन वाटा दाखवल्या आणि गेम संपला.

मूळ शेवटात नेमके काय दिसत होते ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण चाहत्यांच्या तक्रारी अगदी नेमक्या होत्या. लंडनमध्ये सिटाडेल या अवकाशस्थानकावर नेणाऱ्या प्रकाशझोताकडे धावताना जे दोन सहकारी शेपर्डच्या, म्हणजे खेळाडू साकारतो त्या नायकाच्या, शेजारी असत, तेच काही मिनिटांनी त्याच्याच नॉर्मंडी यानातून एका अनोळखी ग्रहावर उतरताना दिसत; ते यानात केव्हा आणि कसे पोहोचले याचा पत्ता नव्हता, आणि ऐन युद्धात नॉर्मंडी पळून का जात होती तेही कोणी सांगत नव्हते. सूर्यमालांना जोडणारी प्रवासद्वारे, म्हणजे मास रिले, एकामागून एक फुटत. याआधी, मार्च २०११ मध्ये आलेल्या ‘अरायव्हल’ या पुरवणीत एक रिले नष्ट झाल्यावर आख्खी सूर्यमाला बेचिराख होऊन बटेरियन या परग्रहवासी जमातीचे तीन लाखांहून अधिक जीव मरतात हे खेळाडूंनी स्वतःच्या हाताने घडवलेले होते, आणि तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला शेपर्ड त्याच कृत्यासाठी पृथ्वीवर स्थानबद्ध असतो. मग सगळेच रिले फुटल्यावर सगळ्याच सूर्यमाला संपल्या, असा अर्थ कोणी काढला तर त्याचे काय चुकले? ज्यांनी तसा अर्थ काढला नाही त्यांनाही दुसरा प्रश्न पडला: पृथ्वीभोवती अडकून पडलेल्या ट्यूरियन आणि क्वेरियन या परग्रहवासी जमातींच्या ताफ्यांनी खायचे काय? त्यांच्या शरीराला माणसांचे अन्न चालत नाही हे याच मालिकेने पहिल्या भागापासून पुन्हा पुन्हा सांगितलेले आहे. एवढ्या बारकाईने विचार करणारा प्रेक्षक या लेखकांनीच घडवलेला होता.

त्यावर कळस म्हणजे श्रेयनामावली संपल्यावर पडद्यावर एक सूचना येई. शेपर्ड आता आख्यायिका झाला आहे आणि ती आख्यायिका आपण पुढील खेळातून व डाउनलोड करता येणाऱ्या आशयातून वाढवू शकता, असा तिचा आशय होता. शंभरेक तासांची सोबत संपल्याच्या क्षणी समोर आलेली ही विक्रीची पाटी अनेकांना शेवटापेक्षाही जास्त बोचली, आणि मला ते आजही स्वाभाविक वाटते.

आता अपेक्षा कुठून आल्या याकडे वळतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे. ही मालिका आपली सेव्ह फाइल एका भागातून दुसऱ्यात नेऊ देत असे, आणि २००७ च्या पहिल्या भागातला निर्णय २०१२ मध्ये समोर येऊन उभा राहील हेच तिचे वेगळेपण होते. क्रोगन जमातीच्या तुचांका ग्रहावरचा प्रसंग याचा सर्वोत्तम नमुना आहे. क्रोगनांची जननक्षमता खुंटवणाऱ्या जेनोफेजवर उतारा देण्यासाठी शेपर्डचा शास्त्रज्ञ सहकारी मॉर्डिन कोसळत्या मनोऱ्यात वर जातो आणि तिथेच मरतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण मॉर्डिनला मन वळवून परत पाठवता येते, तो जगू शकतो. त्यासाठी मात्र पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर क्रोगन सहकारी रेक्स मेलेला असावा लागतो, दुसऱ्या भागात मेलन या शास्त्रज्ञाचे उताऱ्यावरचे संशोधन नष्ट केलेले असावे लागते, म्हणजे तिसऱ्या भागात ईव्ह ही क्रोगन स्त्री वाचत नाही, आणि क्रोगनांचे नेतृत्व सूडाने पेटलेल्या रीव्हकडे जाते. तेव्हाच मॉर्डिनला पटते की ही जमात बरी झाली तर पुन्हा युद्ध पेटवील. म्हणजे एका मित्राचा जीव वाचवण्याची किंमत एका संपूर्ण वंशाच्या भवितव्याने चुकवावी लागते, आणि ती किंमत तीन गेममध्ये पसरलेली आहे. रेक्स जिवंत असताना शेपर्डने गुपचूप उताऱ्यात बिघाड घडवला, तर पुढे रेक्सला ते कळते आणि तो सिटाडेलवर जाब विचारायला येतो. त्याचा शेवट बघवत नाही. ज्या मालिकेने असे प्रसंग लिहिले, तिच्याकडून अंतिम क्षणीही अशीच स्मृती अपेक्षिणे हा हावरटपणा म्हणता येणार नाही.

क्वेरियनांच्या मूळ ग्रहाचे, रॅनॉकचे, प्रकरण तर शेवटाशी थेट भिडते. क्वेरियनांनी निर्माण केलेल्या गेथ या विचारी यंत्रांपैकी एकाने फार पूर्वी आपल्या निर्मात्यांना विचारले होते की मला आत्मा आहे का, आणि त्या प्रश्नाने घाबरलेल्या क्वेरियनांनी त्यांना संपवायला घेतले. शेपर्डचे सहकारी, क्वेरियन टाली आणि गेथ लीजन, दोघेही दुसऱ्या भागातून जिवंत परतलेले असतील, टालीवरच्या खटल्यात तिला हद्दपार होऊ दिलेले नसेल, दोघांतले भांडण मिटवलेले असेल, तर शेपर्ड त्या दोन्ही जमातींना युद्ध थांबवायला लावू शकतो. लीजन स्वतःला विसर्जित करण्यापूर्वी टाली त्याला सांगते की त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे होते. यंत्र आणि सजीव एकत्र राहू शकतात हे खेळाडूने इतक्या कष्टाने सिद्ध केल्यानंतर काही तासांतच कॅटॅलिस्ट येतो आणि सांगतो की यंत्रे आपल्या निर्मात्यांविरुद्ध उलटणारच, म्हणून मी दर पन्नास हजार वर्षांनी प्रगत जमातींची कापणी करतो. शेपर्ड खाली पृथ्वीभोवती खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या गेथ आणि क्वेरियन ताफ्यांकडे बोटही दाखवत नाही. माझ्या दृष्टीने मूळ शेवटातला सर्वांत मोठा दोष हाच आहे, आणि तो ‘एक्स्टेंडेड कट’ने संवाद वाढवूनही पुरता गेलेला नाही. शेपर्डचा मृत्यू मला मान्य होता. पाच वर्षे प्रत्येकाशी वाद घालणाऱ्या शेपर्डचे गप्प राहणे मान्य नव्हते.

यात प्रकाशनापूर्वीच्या वक्तव्यांनी भर घातली. मालिकेचे दिग्दर्शक केसी हडसन यांनी जानेवारी २०१२ च्या सुमारास एका मुलाखतीत सांगितले होते की हा शेवट ‘अ, ब किंवा क’ अशा पद्धतीचा नसेल. प्रत्यक्षात लाल (रीपरांचा नाश), निळी (त्यांच्यावर ताबा) आणि हिरवी (सजीव व यंत्रांचे एकीकरण) अशा तीनच वाटा मिळाल्या, आणि त्यांची दृश्ये शेजारी शेजारी लावून पाहिली तर बऱ्याच अंशी रंगच तेवढे वेगळे दिसत. शिवाय युद्धासाठी जमवलेल्या साधनसामग्रीचा आकडा मल्टिप्लेअर न खेळल्यास निम्माच धरला जाई, त्यामुळे शेपर्ड जिवंत असल्याची खूण दाखवणारे ते श्वासाचे दृश्य एकट्याने खेळणाऱ्याच्या आवाक्याबाहेर राहत होते. ही अट नंतर शिथिल झाली.

निर्मात्यांची अडचणही मी पुरती समजतो. प्रत्येकी दोनच पर्याय असलेले दहा निर्णय घेतले तरी त्यांच्या १,०२४ जुळण्या होतात, आणि प्रत्येक जुळणीसाठी वेगळे दृश्य, वेगळे संवाद, वेगळा आवाज करणे कोणत्याही स्टुडिओला परवडणार नाही. म्हणून पहिल्या भागात रॅकनाय या कीटकसदृश जमातीच्या राणीला मारले तरी तिसऱ्या भागात रीपरांनी बनवलेली दुसरी राणी भेटते, आणि शेपर्डचा वरिष्ठ अँडरसन याला सिटाडेलच्या परिषदेवर मानवांचा प्रतिनिधी नेमले तरी तिसऱ्या भागात त्या जागी राजकारणी उडिनाच बसलेला असतो. या काटकसरीची कुरकुर आम्ही केली, पण ती सोसली, कारण तुचांका आणि रॅनॉक यांनी भरपाई केली होती. तिसरा भाग हाच खरे तर सगळ्या धाग्यांचा शेवट आहे, असे जे समर्थक म्हणत, त्यांच्या म्हणण्यात बरेच तथ्य आहे.

चाहत्यांनी जे केले त्यातले काही सुंदर होते आणि काही लाजिरवाणे. शेपर्डच्या मनावर रीपरांनी ताबा मिळवला असून शेवटचा प्रसंग त्याच्या मनातच घडतो, असा एक सिद्धांत पुढे आला; गेमच्या सुरुवातीपासून दिसणारा तो मुलगा दुसऱ्या कोणालाच दिसत नाही, शेपर्डच्या स्वप्नातली झुडपे लंडनच्या रणांगणावर दिसतात, अशी निरीक्षणे त्यासाठी गोळा झाली. तो निर्मात्यांच्या मनात असावा असे मला वाटत नाही, पण मोडलेला दुवा स्वतः सांधून देण्याची ती धडपड होती आणि तिच्यामागे प्रेमच होते. ‘रीटेक मास इफेक्ट’ मोहिमेने रुग्णालयांतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेला ८० हजार डॉलरहून अधिक निधी दिला. काहींनी कॅनडातल्या एडमंटन येथील बायोवेअरच्या कार्यालयात लाल, निळ्या आणि हिरव्या आयसिंगचे सुमारे चारशे कपकेक पाठवले. रंग तीन, पण आतली चव एकच, व्हॅनिला. कंपनीने ते दान करून टाकले. याउलट, शेवट कोणी पाहण्याच्याही आधी, कंपनीतल्या एका लेखिकेला तिच्या जुन्या मुलाखतीवरून ज्या शिव्या आणि धमक्या दिल्या गेल्या, त्यांचे कोणत्याही कारणाने समर्थन होऊ शकत नाही. ग्राहक संरक्षणासाठीच्या अमेरिकी संघीय आयोगाकडे तक्रार करणेही मला अप्रस्तुत वाटले होते. कथा आवडली नाही ही फसवणूक ठरत नाही.

शेवट बदलावा अशी मागणी करणे योग्य होते का, हा आपल्या प्रश्नात दडलेला दुसरा प्रश्न. त्या वेळी अनेक समीक्षकांनी म्हटले की चाहत्यांपुढे झुकणे म्हणजे कलेचा बळी देणे. मला हे पटत नाही. बायोवेअरचे सहसंस्थापक रे मुझिका यांनी २१ मार्च २०१२ रोजी खुले पत्र लिहून टीकेची दखल घेतली, आणि नंतर आलेल्या पुरवणीने शेवट बदलला नाही, तो पूर्ण केला. जखमी सहकाऱ्यांना न्यायला नॉर्मंडी खाली उतरते तो प्रसंग आला, रिले दुरुस्त होऊ शकतात हे दिसले, निवडीनुसार अॅडमिरल हॅकेट, नॉर्मंडीची कृत्रिम बुद्धी ईडीआय किंवा स्वतः शेपर्डच्या आवाजात पुढचे जग कळले. चाहत्यांनी प्रश्न विचारले, लेखकांनी आपली उत्तरे दिली. यात कोणाचीच मान खाली गेली नाही. तिन्ही वाटा नाकारण्याचा चौथा पर्यायही तेव्हाच आला. तो निवडल्यास रीपर जिंकतात, आणि शेपर्डची सहकारी लियारा हिने पुरून ठेवलेला संदेश पुढच्या चक्रातल्या कोणाच्या तरी हाती लागतो. काहींनी याला कंपनीचा राग मानले, मला तो त्या पुरवणीतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो, कारण तिथे शेपर्डला अखेर बोलू दिले आहे.

ही चर्चा अजून संपलेली नाही, कारण नव्या भागाची घोषणा नोव्हेंबर २०२० मध्ये झाली आणि त्याच डिसेंबरमधल्या झलकीत मेलेला रीपर आणि वयस्क लियारा दिसली. २०१७ चा ‘अँड्रोमेडा’ दुसऱ्या आकाशगंगेत गेल्याने कोणता शेवट खरा मानायचा हा प्रश्न टाळू शकला होता. पुढच्या भागाला ती सोय नसेल. माझी इच्छा अशी आहे की लेखकांनी एक शेवट उघडपणे अधिकृत ठरवावा, बहुधा तो लाल वाटेचा असेल, आणि मग गेथांच्या आणि ईडीआयच्या मृत्यूचे ओझे त्या जगातल्या माणसांना वाहायला लावावे. तीनही निवडींना अर्धवट मान देणारी गुळमुळीत मांडणी झाली, तर हिरवी वाट निवडणारेही त्यात समाधानी राहणार नाहीत.