'हेडीस' गेममधला कॅरन दुकान का चालवतो? मूळ ग्रीक कथेत तो तर मेलेल्यांना पाताळात पार नेणारा नावाडी होता ना?

दुकान गेमवाल्यांच्या डोक्यातून आलंय, पण पैशाला पक्का कॅरन अस्सल ग्रीक आहे. मला तर ही त्याची सगळ्यात प्रामाणिक आवृत्ती वाटते.

ज्यांनी सुपरजायंट कंपनीचा हा गेम (२०२०) खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पाताळाचा राजा हेडीस, त्याचा मुलगा झॅग्रेअस घरातून पळून जायच्या खटपटीत असतो. वाटेत कॅरनचं दुकान लागतं. ओबोल (जुनी ग्रीक नाणी) मोजायचे आणि ताकद, खाणं, देवांची वरदानं विकत घ्यायची. कॅरन एक शब्द बोलत नाही. नुसता घोगरा हुंकार आणि तोंडातून जांभळा धूर.

आता मूळ कथा. होमरच्या महाकाव्यांत कॅरन नाहीच. इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्सचे लोक थडग्यांत तेलाच्या पांढऱ्या कुप्या ठेवत, त्यांतल्या काहींवर तो दिसतो: आखूड कामकरी कपडे, डोक्याला टोपी, हातात वल्हं किंवा बांबू. देव कसला, घाटावरचा कष्टकरी माणूस! आगीसारखे डोळे आणि गलिच्छ दाढीवाला भयानक म्हातारा व्हर्जिल या कवीने रंगवला, तो पुष्कळ नंतर, रोमन काळात.

पण खरी गंमत विनोदी लेखकांनी केली. अॅरिस्टोफेनिसच्या 'बेडूक' (इ.स.पू. ४०५) या नाटकात डायोनिसस देव पाताळात निघतो. भाडं दोन ओबोल. शिवाय वल्हवायचं त्यानेच! त्याच्या गुलामाला तर कॅरन नावेत घेतच नाही, तळ्याला वळसा घालून चालत ये म्हणतो. पुढे इ.स. दुसऱ्या शतकात लुशियनने एक संवाद लिहिला, त्यात देवांचा निरोप्या हर्मीस आणि कॅरन चक्क हिशेबाला बसलेत. नावेच्या नांगराचे पाच द्राख्मा (हेही ग्रीक नाणंच), दोराचे इतके, शिडाच्या सुईचे तितके. कॅरन म्हणतो, सध्या हात तंग आहे, एखादी साथ किंवा लढाई येऊ दे, मग फेडतो. गेममध्ये हर्मीस कॅरनला आपला धंद्यातला सहकारी म्हणतो, ते वाचून मला लगेच हा संवाद आठवला.

म्हणजे पाताळात रोकड घेणारा हाच एक. बाकीचे शिक्षा देतात, न्याय करतात, पहारा देतात. गेमला दुकानदार हवा होता तर दुसऱ्या कुणाला बसवणार? (आपल्या वैतरणीला नावाडीच नको, दान केलेल्या गाईची शेपटी धरून पार व्हायचं. तिथे दुकान टाकायला वावच नाही.)

लुशियनचाच आणखी एक प्रसंग: मेनिपस नावाचा फटकळ तत्त्वज्ञ पलीकडे पोचल्यावर सांगतो, ओबोल नाहीच माझ्याकडे, नाही त्याच्याकडून घेणार कसा? कॅरन चरफडतो, पण करणार काय. गेममध्ये मात्र असं फुकट काही सुटत नाही. दुकानात कधीतरी नाण्यांची थैली पडलेली दिसते. उचललीत, की कॅरन वल्हं घेऊन अंगावर येतो आणि भलताच जोरात मारतो. जिंकलात तर त्या फेरीपुरतं २० टक्के सवलतीचं कार्ड मिळतं. चोराला सवलत देणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

आणि कॅरनची होडी गेममध्ये अगदीच नाही असं नाही. ती कधी येते ते सांगितलं तर शेवट फुटेल, म्हणून एवढंच: झॅग्रेअसची आई पर्सेफनी एकदा भेटली म्हणून खेळणं सोडू नका.