सकाळची टकटक आणि पिवळा दिवा

प्रश्न : भाऊ, माझी पेट्रोल गाडी २०१४ची, १ लाख १८ हजार किलोमीटर चाललेली. मानेवाड्याहून रोज कामठीला शाळेत जाते-येते. दिवाळीनंतर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये मशीन लावलं, ‘पी०१३१’ हा बिघाडाचा कोड आला. त्यांनी पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. नऊ दिवसांनी दिवा परत लागला. ॲव्हरेज १६वरून १२वर आलं आहे. आता मागचा सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बदलायला सांगतात. एवढे पैसे एकदम काढणं मला जड आहे. आणखी एक, कामाचं आहे की नाही ठाऊक नाही : सकाळी थंडीत गाडी सुरू केली की पुढून टकटक आवाज येतो, पाच-सात मिनिटांनी थांबतो. ‘जुनी गाडी आहे, आवाज करणारच’ असं गॅरेजवाले म्हणाले.
— एक शिक्षिका, मानेवाडा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट ती टकटकच आहे. आणखी एक रुपयाही खर्च करण्याआधी तिचा छडा लावा.

ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला, एवढंच तो सांगतो. तुमच्या गाडीत बहुधा झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचा सेन्सर असेल. धुरात ऑक्सिजन जास्त असेल तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो, कमी असेल तर ०.९कडे जातो. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. ‘पी०१३१’चा अर्थ पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज खालीच राहतोय, इतकाच. सेन्सर मेला, असं तो कोड म्हणत नाही. पण बरेच जण तो तसाच वाचतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

आता टकटक. इंजिनाला सायलेन्सरचा पहिला लोखंडी भाग, म्हणजे मॅनिफोल्ड, जिथे बसतो तिथे एक पॅकिंग असतं. ते जळलं किंवा मॅनिफोल्ड आवळून धरणारा एखादा स्टड, म्हणजे आट्यांचा दांडा, ढिला झाला की फट पडते. धूर ठोक्या-ठोक्याने बाहेर पडतो, म्हणून तसा आवाज येतो. आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आतला दाब क्षणभर उतरतो, तेव्हा त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर पुढेच बसलेला. त्याला ती हवा लागते, तो इमानदारीने ‘ऑक्सिजन फार आहे’ असं सांगतो, आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत जातो. तुमचं ॲव्हरेज तिथे जातंय, असं मला वाटतं. लोखंड तापून फुगलं की फट दबते आणि आवाज थांबतो. पण ती पूर्ण बुजतेच असं नाही.

२०११मध्ये कळमेश्वरच्या एका टॅक्सीवाल्या भाऊंच्या गाडीत मी एकामागून एक दोन सेन्सर टाकले. दिवा परत येतच राहिला. तिसऱ्या वेळी ते रात्री मुक्कामाला गाडी माझ्याकडेच ठेवून गेले, आणि सकाळी मी स्वतः सेल्फ मारला तेव्हा तो आवाज ऐकला. पॅकिंग बदललं, काम झालं. दुसऱ्या सेन्सरचे पैसे मी त्यांना परत दिले. तेव्हापासून दिव्याची तक्रार घेऊन कोणीही आलं की मी आधी विचारतो, सकाळी गाडी कशी सुरू होते?

हे तुम्हालाही तपासता येईल. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी उघड्यावर सुरू करा, बंद पोर्चमध्ये अजिबात नाही, तो धूर विषारी असतो. मेकॅनिकला समोर उभं राहून ऐकू द्या, आणि दुसऱ्या कोणी मागून सायलेन्सरचं तोंड जाड ओल्या फडक्याने दोन-तीन सेकंद दाबावं. फट असेल तर आवाज एकदम वाढतो. पॅकिंगच्या कडेला काजळीचा काळा ओघळ दिसला तर शंकाच नको. जानेवारीतल्या थंडीत ही तपासणी जितकी स्पष्ट होते तितकी मे महिन्यात होत नाही, तेव्हा याच आठवड्यात करून घ्या.

पॅकिंग बदलताना दोन गोष्टी मेकॅनिकला आधीच सांगा. जुने स्टड गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर स्टड इंजिनाच्या हेडमध्येच तुटतो आणि काम दुप्पट होतं. आणि पॅकिंगऐवजी साधं सिलिकॉन चोपडू देऊ नका. त्याची वाफ सेन्सरवर बसते, टोक पांढरं पडतं आणि चांगला सेन्सर खरोखर मरतो.

आता टाकलेला नवा सेन्सर ठीक आहे का, हेही बघून घ्या. इंजिन पूर्ण तापू द्या, कारण सुमारे ३०० अंशांच्या खाली हा सेन्सर नीट बोलतच नाही. मग मशीनवर त्याचा आकडा लावून २००० आरपीएमवर धरा. आकडा ०.१ आणि ०.९च्या मध्ये सारखा वर-खाली नाचला पाहिजे. फटीमुळे तो खालीच अडकला असेल, तर ॲक्सिलरेटर एकदम दाबून सोडा. दाबताना तो ०.८च्या वर उसळला तर सेन्सर जिवंत आहे. एकाच ठिकाणी मुका बसून राहिला, तर मात्र सेन्सर किंवा वायरिंग तपासावं लागेल.

मागचा सेन्सर मुख्यतः कन्व्हर्टर काम करतोय का एवढंच बघतो. ‘पी०१३१’ त्याचा कोड नाही. कन्व्हर्टरच्या तक्रारीचा कोड ‘पी०४२०’ असतो आणि तो तुमच्याकडे आलेला नाही. दोन्ही कामांना आज नाही म्हणा. पण दुरुस्ती लांबवूही नका. जास्तीचं पेट्रोल महिनोन्महिने कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत राहिलं तर तो तापून खराब होतो, आणि मग तो खर्च खरोखर तुमच्या गळ्यात येईल.

एक अपेक्षा आधीच खाली ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात उष्मांक कमी असतो. त्यामुळे १६च्या जागी १५ मिळाले तर ते पेट्रोलमुळे समजा. १२ मात्र पेट्रोलमुळे नाही.

पॅकिंग झालं की कोड पुसून वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत एक चक्कर मारा आणि आठवडाभर दिव्यावर नजर ठेवा. आणि काढलेला जुना सेन्सर गॅरेजवाल्यांकडून मागून घ्या. तो बहुधा चांगलाच आहे.

प्रश्न : सेन्सर काढून पेट्रोलमध्ये किंवा थिनरमध्ये धुतला तर चालतो का?
— एक वाचक, वाडी

उत्तर : नाही. काळी काजळी असेल तर मिश्रण दुरुस्त झाल्यावर हायवेवर ती आपोआप जळते. पांढरा थर सिलिकॉनचा किंवा कूलंटचा असेल तर तो धुऊन जात नाही, तिथे नवाच घ्या. बसवताना २२ नंबरचा खाचेचा पाना वापरा, आट्यांवर कंपनीने लावलेली पेस्ट पुसू नका आणि ती टोकाला लागू देऊ नका. कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे नको, वायर सोल्डर करणंही नको. सेन्सरला तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा बऱ्याच सेन्सरांत त्या वायरीतूनच आत जाते.