लोकलचे नवे डबे चकाचक होतात, पण बसायच्या जागा का वाढत नाहीत? याला सोय म्हणायची का?

कारण गर्दीच्या वेळी लोकलचा खरा प्रवासी उभा असतो. मी ठाण्याहून कोपरखैरण्याला रोज जाते. सकाळी बसायला मिळालेले दिवस महिन्यातून बोटांवर मोजण्याइतके. म्हणून नवा डबा पाहिला की मी आधी सीट बघत नाही, उभं राहिल्यावर हात कुठे जातो ते बघते.

गर्दीच्या वेळी आपल्या लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. घरातली फरशी मोजून तेवढी माणसं तिथे उभी करून बघा! आपला डबा ३.६६ मीटर रुंद, म्हणजे बारा फूट. त्यात सेकंड क्लासला दोन्ही बाजूंना तिघांची सीट, वर अर्धवट टेकलेली चौथी सीट. समोरासमोरच्या सीटांमध्येही बायका उभ्या असतात, "कुठे उतरणार?" विचारत, आपला नंबर लावून. बसलेल्या माणसाला गुडघ्यांसकट जेवढी जागा लागते, तेवढ्यात दोघी-तिघी उभ्या राहतात. सीट वाढवली की तेवढ्या जणी फलाटावर राहणार. नवी मुंबई मेट्रोत खिडक्यांना पाठ करून लांब सीट आहेत, मधली जागा मोकळी, तेही याचसाठी.

पण उभं राहणाऱ्यांसाठी जागा सोडली म्हणजे काम झालं, असं मला वाटत नाही. माझी उंची पाच फूट. लटकती हँडलं मला टाचा उंचावून धरावी लागतात, आणि ऐरोलीपर्यंत तसं उभं राहिलं की खांदा भरून येतो. माझा सगळा भरवसा सीटच्या कोपऱ्यावरच्या पकडीवर आणि दारातल्या मधल्या दांड्यावर. तो दांडा चढताना आडवा येतो अशी तक्रार ऐकते. खरंही आहे. तरी उंचीने कमी असलेल्या बाईला दारापाशी दुसरं धरायला काही नसतं. लेडीज डब्यात निम्मी हँडलं वीतभर खाली आणली, तर केवढा फरक पडेल.

दुसरी गोष्ट हवेची. साध्या लोकलमध्ये वारा मुख्यतः उघड्या दारांतून येतो. २००७ पासून आलेल्या सीमेन्सच्या गाड्यांत छतातून हवा ढकलणारी यंत्रणा बसवली, तेव्हा डब्याच्या मध्यभागीही श्वास घेता येऊ लागला. जानेवारी २०२०च्या अखेरीस आमच्या ट्रान्स-हार्बर मार्गावर, म्हणजे ठाणे ते नवी मुंबई, एसी लोकल आली. एसी लोकलची दारं बंद होतात, त्यामुळे कोणी लटकत नाही. पण साध्या गाडीला नुसती दारं बसवली, तर आतली माणसं गुदमरतील. म्हणूनच ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी पडून झालेल्या अपघातानंतर रेल्वेने बंद दारांच्या बिगरएसी लोकलची घोषणा केली, तेव्हा दारांना हवा आत येण्यासाठी झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रं आणि डब्याडब्यांना जोडणारी वाट, असं तिन्ही एकदमच सांगितलं. त्या वाटेने दाराशी साचलेली गर्दी पुढच्या डब्यात सरकू शकते.

तशी गाडी आली की गर्दीच्या वेळीच चढून बघा. डब्याच्या अगदी मध्यावर, दारांपासून लांब उभ्या राहा आणि हात वर न ताणता काय धरता येतं ते पाहा.